थोड्या पैशांत मार्सेल्स



मी आपल्याच रत्नागिरीकडचा, खाडीकाठचा माणूस. आपल्याकडची माणसे पूर्वीपासून बोटीवर खलाशी म्हणून जात आली. मीही गेलो. आज तुम्हांला मार्सेल्सची हकिकत सांगतो.

मार्सेल्स हे फ्रान्स देशातले मोठे बंदर. मुंबईहून निघालेली बोट तांबड्या समुद्रातून जाते. मग सुएझचा कालवा लागतो. त्यापलीकडे भूमध्य समुद्र. त्याच्या उत्तर किनाऱ्यावर हे शहर आहे. ते सुमारे २६०० वर्षांचे जुने आहे.

१९७८ साली मी तेथे प्रथम उतरलो. तेव्हा मला अक्षर येत नव्हते. आमच्या फाटकाचा आकडा चिठ्ठीवर लिहून घेतला होता. पण वाचणार कोण? वाट चुकलो. रात्र झाली. बोट सुटेल म्हणून जीव घाबरा झाला. शेवटी टॅक्सी केली. मागतील तेवढे पैसे दिले. आणि फाटक निघाले पुढच्याच वळणावर! घरी पाठवायचे पैसे गेले. त्याहून लाज जास्त वाटली.

मग एका सोबत्याने बोटीवरच मला शिकवले. खडूने लोखंडावर आकडे काढायचे, अक्षरे गिरवायची.

१९८० साली बोट पुन्हा मार्सेल्सला लागली. खिशात पैसे थोडेच होते. पण आता वाचता येत होते. सकाळी पायीच निघालो. जुन्या बंदराच्या धक्क्यावर मासळीबाजार भरला होता. बायका ताजी मासळी विकत होत्या. मला मिरकरवाडा आठवला. बघायला पैसे पडत नाहीत!

जवळच उंच टेकडी आहे. वर मेरीमातेचे देऊळ आहे. आत छताला छोट्या छोट्या बोटी टांगल्या आहेत. दर्यातून वाचलेल्या लोकांनी त्या वाहिल्या. आपणही नवस फेडतोच ना? दर्याची भीती सगळीकडे सारखीच.

वरून सारे बंदर दिसले. ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी याच बंदरात बोटीतून उडी घेतली होती. पुढे १९२४ ते १९३७ त्यांना आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध ठेवले होते.

भूक लागली. पाट्यांवरचे भाव वाचत गेलो. स्वस्त ते घेतले. त्याला तिकडे पानीस म्हणतात. हरभऱ्याचे पीठ शिजवायचे, गार करून कापायचे आणि तळायचे. आपल्या पाटवडीची बहीणच ती!

संध्याकाळी फाटकाचा आकडा स्वतः वाचला आणि चालत बोटीवर परतलो. उरलेले पैसे घरी पाठवले. सोबत चार ओळींचे पत्र, माझ्या हातचे. घरी ते पोस्टमनने वाचून दाखवले. दुसऱ्या दिवशी बायकोने पाटी हातात घेतली.

मंडळी, तुम्ही मार्सेल्सला जाल, न जाल. पण मुंबईला तर जाल? मग एस. टी.ची पाटी स्वतः वाचा. भाव वाचा. तिकिटावरचा आकडा वाचा. ज्याला वाचता येते, त्याचा प्रवास थोड्या पैशांत होतो.