टेबल विकून टाका!

(मंडळाच्या गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणावरून)



'माझा छंद' या विषयावर बोलायला मला बोलावलं तेव्हा कार्यकारिणीला बहुधा वाटलं असेल, कॉम्प्युटर इंजिनिअर आहे, काहीतरी कॉम्प्युटरबद्दल सांगेल. तसं काही नाही. मी शनिवार-रविवार लोकांनी टाकून दिलेलं फर्निचर उचलून आणतो आणि गॅरेजमध्ये बसून दुरुस्त करतो. माझी बायको याला छंद म्हणत नाही. ती काय म्हणते ते, समोर लहान मुलं बसली आहेत, म्हणून सांगत नाही.

सुरुवात झाली २०१९ साली. न्यू जर्सीतल्या आमच्या गावात मोठा कचरा उचलायचा दिवस ठरलेला असतो. आदल्या संध्याकाळी लोक सोफे, गाद्या, कपाटं रस्त्याच्या कडेला आणून ठेवतात. तिथे मला ओकचं एक लिहायचं टेबल दिसलं. एक पाय डुगडुगत होता, वर कपांची पांढरी वर्तुळं होती, आणि उजवा ड्रॉवर अडकला होता. जोर लावून तो ओढला, तर कोपऱ्यात लाकडाचे दात एकमेकांत गुंतवलेले, पारव्याच्या शेपटीसारखे. एकही खिळा नाही!

आमच्या घरी तेव्हा होतं ते टेबल खोक्यातून आलेलं, लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचं. दोनदा घर बदललं आणि त्याचे स्क्रू धरेनासे झाले. खरं म्हणजे एच-वन व्हिसावर आलेला माणूस फर्निचरही व्हिसासारखंच घेतो. तीन वर्षांचं, पुढचं पुढे बघू! असे आपण एकटेच नाही. इथल्या पर्यावरण खात्याच्या, म्हणजे ईपीएच्या आकड्यांनुसार १९६० साली अमेरिकेत सुमारे २२ लाख टन फर्निचर आणि घरसामान कचऱ्यात गेलं. २०१८ साली १ कोटी २१ लाख टन. त्यातलं ८० टक्के सरळ जमिनीत पुरलं.

टेबल घरी आणलं आणि अभ्यास सुरू केला. आमच्या आयटीत जुनी सिस्टिम हातात आली की प्रत्येकाला वाटतं, हे फेकून नवीन लिहू. अनुभवी माणूस आधी विचारतो, हे इतकी वर्षं चाललं कसं? टेबलालाही मी तेच विचारलं.

पहिलं उत्तर मिळालं पायात. पायाचा सांधा सरसाने चिकटवलेला होता. सरस म्हणजे जनावरांची कातडी आणि हाडं उकळून केलेला डिंक. (शाकाहारी मंडळींनी क्षणभर कान बंद करावेत.) त्याची गंमत अशी की ऊब आणि ओल मिळाली की तो सुटतो. गरम पाण्याचं फडकं लावून ठेवलं, हळूहळू हलवलं आणि पाय अलगद हातात आला. साफ केला, नवा सरस लावला, रात्रभर शिकंजात आवळून ठेवला. जुन्या सरसावर नवा सरस छान धरतो. म्हणजे ज्याने हे टेबल बनवलं, त्याने पुढे कधीतरी कोणाला ते उघडावं लागेल याची सोय करून ठेवली होती. भुश्श्याच्या फळीत ती सोय नाही. स्क्रूचं भोक एकदा भुगा झालं की संपलं.

दुसरं उत्तर मिळालं पॉलिशमध्ये. जुन्या लाकडावर कुठलं पॉलिश आहे हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. न दिसणाऱ्या जागी डिनेचर्ड अल्कोहोलचा एक थेंब टाकायचा. तिथे चिकट होऊन विरघळायला लागलं तर ते शेलॅक. माझ्या टेबलावर शेलॅक निघालं. आता शेलॅक म्हणजे काय? आपली लाख! पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे असतात. त्यांचा राळेसारखा स्राव खरवडून, धुऊन, वितळवून त्याचे पापुद्रे करतात. आपल्याकडे त्याला चपडा म्हणतात. झारखंड-छत्तीसगडकडचा हा माल पूर्वी बोटीने अमेरिकेत यायचा आणि इथल्या फर्निचरवर चढायचा. पुढे १९२० च्या दशकात कारखान्यांत फवाऱ्याने मारायची लॅकर आली आणि शेलॅक मागे पडलं. मला मोठी मौज वाटली. ज्याला मी अमेरिकन टेबल समजत होतो, त्याची कातडी आपल्याकडून आली होती, आणि तीसुद्धा व्हिसाशिवाय!

शेलॅकवरची पांढरी वर्तुळं घालवायला सगळं पॉलिश खरवडावं लागत नाही. अल्कोहोलने जेमतेम ओलसर केलेलं फडकं हलक्या हाताने फिरवलं की बऱ्याचदा ती जातात. फार घासलं तर मात्र पॉलिशच निघून येतं. हे मी करून पाहिलेलं आहे.

दोन धोके सांगतो. १९७८ साली अमेरिकेत घरगुती रंगात शिसं घालायला बंदी आली. त्याआधीचा रंग असलेली वस्तू तपासल्याशिवाय पॉलिश पेपरने घासू नका, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर. त्या धुळीतलं शिसं मुलांच्या मेंदूला अपाय करतं. आणि जवसाच्या तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते वाळताना आपोआप तापतं आणि पेट घेऊ शकतं. उघड्यावर पसरून वाळवा. घरात लाख, तेल आणि आग एकत्र आली की काय होतं, ते पांडवांना विचारा!

आता मुख्य गोष्ट. ती सांगावी की नाही, असा मी बरेच दिवस विचार करत होतो.

२०१६ साली पुण्यातला आमचा वाडा बिल्डरकडे गेला. बाबांचा फोन आला, "आजोबांच्या टेबलाचं काय करायचं?" सागवानी टेबल होतं. मी दहावीचा अभ्यास त्यावर केला होता. मी तेव्हा मीटिंगला निघालो होतो. म्हणालो, "विकून टाका हो. नव्या फ्लॅटमध्ये कुठे मावणार ते?" बाबा "बरं" म्हणाले. जुन्या बाजारातला माणूस येऊन घेऊन गेला.

२०२२ साली आई-बाबा इकडे आले. जुलै महिना, हवा दमट, ओकच्या टेबलाचा उजवा ड्रॉवर पुन्हा अडायला लागला. बाबा गॅरेजमध्ये आले, बघत उभे राहिले, आणि म्हणाले, "मेणबत्ती आहे का घरात?" मुलीच्या वाढदिवसाची उरलेली मेणबत्ती मिळाली. त्यांनी ड्रॉवर बाहेर काढला, खालच्या कडांवर आणि आतल्या पट्ट्यांवर मेण घासलं, परत बसवला. एका बोटाने सरकला.

"आपल्या टेबलाचा ड्रॉवरही पावसाळ्यात असाच अडायचा," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "त्याच्या खालच्या बाजूला तू कर्कटकाने नाव कोरलं होतंस. बाबांनी ते कधी घासू दिलं नाही."

मी पार विसरून गेलो होतो. मी विचारलं, "मग तेव्हा फोनवर का नाही सांगितलंत?"

"तू घाईत होतास."

मंडळी, तुमच्यापैकी अनेकांना असा फोन येऊन गेला असेल, किंवा येणार असेल. सगळं ठेवता येत नाही, हे मलाही कळतं. सागवानी कपाट विमानात चढत नाही. पण उत्तर द्यायला एक दिवस मागून घ्या. वस्तूचा फोटो मागवा, ड्रॉवर उघडायला सांगा, खालून बघायला सांगा. आणि फोन करणाऱ्याला काय वाटतं, ते आधी विचारा. मग हवं तर विका.

आणि इथे रस्त्याच्या कडेला एखादं टेबल दिसलं, तर मला फोन करा. शनिवारी सकाळी माझं गॅरेज उघडं असतं. डुगडुगणारी खुर्चीही घेऊन या, शिकवतो. चहा मिळेल. फक्त कपाखाली बशी ठेवायची, एवढीच अट.