गिटारीची निवड



ज्याचें सारें आयुष्य प्राथमिक शाळेंत गेलें, त्या निवृत्त शिक्षकानें विजेच्या गिटारीवर बोलावें याचें आपणांस नवल वाटेल. मला स्वतःलाही तें वाटतें. परंतु गेल्या दिवाळींत माझा नातू दोन गिटारींची चित्रें घेऊन माझ्यापुढें बसला आणि म्हणाला, "आजोबा, यांतली कोणती घेऊं तें तुम्हीच सांगा." निम्मे पैसे त्याचे होते, दोन वर्षें लहान मुलांच्या शिकवण्या करून त्यानें ते सांठविले होते. निम्मे मी निवृत्तिवेतनांतून देणार होतों. एकदां निवड चुकली तर दुसरी गिटार घेण्याची आमची ऐपत नव्हती. शिवाय आदल्या वर्षीं दुचाकीवरून पडून त्याच्या डाव्या खांद्याजवळचें हाड मोडलें होतें. तें सांधलें होतें, पण ओझें घेतलें कीं अजून दुखत असे. आणि गिटारीचा पट्टा नेमका त्याच खांद्यावर येतो.

अमेरिकेंतील गिब्सन कंपनीच्या 'लेस पॉल' आणि 'एस्‌जी' अशा त्या दोन जाती. मूळ गिब्सन आमच्या आवांक्याबाहेरची. त्याच कंपनीच्या मालकीच्या एपिफोन या नांवानें निघणाऱ्या स्वस्त प्रतींचा आमचा विचार होता.

आमच्या मिरजेकडे तंबोरा घेणारा मनुष्य आधीं भोपळा पाहतो. पोकळी हा त्या वाद्याचा प्राण. या गिटारीचें अंग मात्र भरींव लांकडाचें! याचें कारण असें: पोकळ गिटारीचा स्वर ध्वनिवर्धकांतून मोठा केला कीं तोच स्वर परत तिच्या अंगांत शिरून तारांना कांपवितो, आणि सभेंतला लाउडस्पीकर किंचाळतो तसा प्रकार होतो. लेस पॉल नांवाच्या वादकानें १९४० च्या सुमारास चार इंची चौरस पाइनच्या ओंडक्यावर तारा चढवून यावर उपाय शोधला, आणि तें ध्यान लोकांना गिटारीसारखें दिसावें म्हणून दोन्ही बाजूंस एका गिटारीचीं अर्धुकें जोडलीं. गिब्सननें १९५२ मध्यें त्याच्या नांवाची भरींव गिटार विक्रीस काढली. पुढें खप उतरला, तेव्हां १९६१ मध्यें तिचें रूप पालटून ती पातळ व दोन शिंगांची केली. तीच पुढें एस्‌जी म्हणून ओळखली जाऊं लागली. १९६८ पासून जुनें रूपही पुन्हां निघूं लागलें. म्हणजे या दोघी सख्ख्या बहिणीच.

साम्य तरी किती! तारांची लांबी दोहोंची सारखीच, सुमारें पावणेपंचवीस इंच, पडदे बावीस, चार फिरत्या कळा, तारांखालीं चुंबकांच्या दोन पेट्या. चुंबकाभोंवतीं बारीक तांब्याच्या तारेचें वेटोळें असतें, आणि पोलादी तार वर कांपली कीं त्यांत वीज उत्पन्न होते. फॅरडेनें १८३१ मध्यें दाखविलेलें तत्त्व हेंच. वर्गांत मीं हा प्रयोग अनेकदां केला. सुई हाललीच तर मुलांपेक्षां मलाच आनंद अधिक होई. या पेटींत वेटोळीं दोन असून तीं उलटसुलट जोडलेलीं असतात, त्यामुळें विजेची गुणगुण परस्पर कटते. ही युक्ति गिब्सननें १९५७ पासून या गिटारींवर वापरली.

भेद आहे तो अंगांत. लेस पॉल जाड महोगनीची, वर मेपलचा थर. वजन बहुधा चार किलोंच्या पुढें. एस्‌जी नुसत्या महोगनीची, पातळ, तीन किलोंच्या आसपास. लेस पॉलच्या शेवटच्या पडद्यांशीं बोटें नेतांना तळवा अंगाला अडतो. एस्‌जीवर तीं सुखानें पोंचतात. पण एस्‌जीला एक खोड आहे. हात सोडला कीं तिचें डोकें जमिनीकडे झुकूं लागतें. त्याला आंतून खरखरीत असलेला रुंद चामडी पट्टा हा उपाय.

आवाजाविषयीं जाणते लोक फार बोलतात: लेस पॉल भरदार, एस्‌जी धारदार. पुण्यांतील दुकानांत मी भिंतीकडे तोंड करून बसलों आणि नातवाला दोन्ही आळीपाळीनें वाजवावयास सांगितलें, ध्वनिवर्धक तोच ठेवून. पहिल्यांदा ओळखलें, नंतर दोनदां चुकलों, आणि पुढें निव्वळ अंदाज ठोकीत होतों. मग त्याला भिंतीकडे बसविलें व दुकानदाराच्या मुलाला वाजवावयास लाविलें. त्याची गतही माझ्याहून फारशी बरी नव्हती, हें त्यानें नाइलाजानें कबूल केलें. भेद मुळींच नाहीं असें मी म्हणत नाहीं. पण ध्वनिवर्धकाची एक कळ फिरविली कीं त्याहून मोठा भेद पडतो.

त्याचें मन लेस पॉलवर होतें. त्याच्या खोलींत जिमी पेजचें चित्र आहे, त्या वादकाच्या हातीं तीच गिटार. मीं म्हटलें, "आतां अर्धा तास उभा राहून वाजव." विसाव्या मिनिटास त्यानें खांदा हालविला. मग म्हणाला, "आजोबा, १९४८ मध्यें मोटारीच्या अपघातांत लेस पॉलचा हात मोडला, तेव्हां गिटार धरतां येईल अशा कोनांत त्यानें तो डॉक्टरांकडून बसवून घेतला!" मीं म्हटलें, "तुझें हाड आतां बसलें आहे. पुन्हां मोडून घेणार आहेस काय?" तो हंसला, पण तें त्याला लागलेंही. सतराव्या वर्षीं आवडती वस्तु शरीराच्या कुरकुरीपायीं सोडावी लागणें सोपें नसतें. मी घाई केली नाहीं.

दुकानांत एस्‌जी दोन होत्या. एकाच जातीच्या दोन गिटारीही सारख्या नसतात. डोक्याकडून डोळा लावून मान सरळ आहे कीं नाहीं तें पाहिलें. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबून कोठें खरखर होते का तें ऐकलें. बाराव्या पडद्यावर बोटाच्या नुसत्या स्पर्शानें निघणारा सूर आणि दाबून निघणारा सूर ताडून पाहिले. एकीचा सहाव्या तारेचा सूर जुळेना. तसा दोष कारागीर काढूं शकतो, पण दुसरी निर्दोष असतां तो कां पत्करावा? दोन्ही जातींची मान डोक्याजवळ नाजूक असते, पडली तर तेथेंच मोडते. म्हणून कठीण पेटीसाठीं पैसे मीं आधींच बाजूला ठेवविले होते.

एस्‌जी घरीं आली. काल संध्याकाळीं दीड तास उभा राहून त्यानें वाजविलें. खांद्याविषयीं तक्रार आली नाहीं, शेजाऱ्यांची आली.