संकल्पातला ‘मी’

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा गोषवारा)



गणपतीची प्रतिष्ठापना करताना गुरुजी आपल्या तळहातावर पाणी देतात आणि संकल्प सोडायला सांगतात. आपण देश, काळ, गोत्र आणि स्वतःचे नाव उच्चारतो. इचोड्यात आपण गोदावरीचा उत्तर तीर म्हणतो, कारण आपण खरोखर तिथे राहतो. शेवटचा शब्द असतो ‘करिष्ये’, म्हणजे ‘मी करीन’. तिथे वचन पूजेचेच असते, हे खरे. पण लक्षात घ्या, देवापुढे पहिले वाक्य मागण्याचे नाही, करण्याचे आहे. आणि त्यात ‘आम्ही’ नाही, ‘मी’ आहे.

हे मला उशिरा समजले. कसे समजले, तेच आज सांगतो.

२०२० सालचा एप्रिल आठवा. नागपूर-हैदराबाद हमरस्ता आपल्या गावावरून जातो. एरवी रात्रंदिवस ट्रकांचा आवाज, तो थांबला होता आणि डोक्यावर बोचकी घेतलेली माणसे उत्तरेकडे पायी चालली होती. त्याच दिवसांत आमच्या गल्लीतले एक कुटुंब हैदराबादहून परतले. त्यांना चौदा दिवस घरातच राहायला सांगितले होते. आम्ही सर्वांनी दारे लावून घेतली. मी रोज सकाळी अथर्वशीर्षाची अकरा आवर्तने करीत होतो. जगावरचे संकट टळो, अशी मनापासून प्रार्थना होती. त्यात खोटे काही नव्हते.

एके दिवशी खिडकीबाहेरून हाक आली. पलीकडच्या गल्लीतील तेलुगू अम्मा तोंडाला पदर बांधून उभी होती. हातात भात-पप्पूचा डबा होता. ती म्हणाली, “गुरुजी, तुमचं वाचून झालं की थोडं दूध द्या. त्या घरात लेकरू हाय.”

मी दूध दिले, पण दाराच्या फटीतून. ते दारापर्यंत नेऊन ठेवले तिने. अंतर राखून, पायरीवर. ते मलाही करता आले असते. माझ्या घरापासून ते घर वीस पावलांवर होते. जगासाठी प्रार्थना करताना ती वीस पावले माझ्या हिशेबात नव्हती.

भीती वाटणे हा गुन्हा नाही. काळजी घेणे तर कर्तव्यच होते. पण काळजी आणि पाठ फिरवणे यात फरक आहे, आणि प्रार्थनेच्या आडोशाला तो फरक सहज लपतो.

आपल्याकडे याची उदाहरणे जुनी आहेत. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ आली. सावित्रीबाई फुले तेव्हा सहासष्ट वर्षांच्या होत्या. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी गावाबाहेर रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथे पोचवले. त्यात त्यांनाच प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्या सत्यशोधक विचारांच्या. कर्मकांड त्यांना मान्य नव्हते. तरी माझ्या संकल्पात जो ‘मी’ नुसता उच्चारापुरता होता, तो त्यांच्या कृतीत पुरेपूर होता.

दुसरे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोरचे. २२ ऑगस्ट २०२० च्या गणेश चतुर्थीला मुंबईच्या लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्तीच बसवली नाही. १९३४ पासूनची परंपरा बाजूला ठेवून त्यांनी ‘आरोग्योत्सव’ केला, रक्तदान आणि प्लाझ्मादान घेतले. त्याच वर्षी आषाढीला संतांच्या पादुका पायी दिंडीऐवजी एस.टी.ने पंढरपूरला गेल्या. लाखो वारकरी घरी थांबले. घरी थांबणे हीच त्या वर्षीची वारी होती. भक्ती कमी झाली, असे कोणी म्हणेल का?

मग प्रार्थना कशाला? असे काही तरुण मला विचारतात. मी सांगतो, मला ती लागते. घाबरलेले मन त्याने स्थिर होते. पण मन स्थिर कशासाठी करायचे? उठून दार उघडता यावे, यासाठी.

संकट काही पुन्हा विचारून येणार नाही. कधी ओढ्याचा पूर असेल, कधी पावसाची ओढ, कधी शेजारच्या घरातले आजारपण. आपल्या भागातल्या आदिवासी बांधवांत सिकलसेलचा आजार आहे, त्यांच्यातल्या कित्येकांना वेळोवेळी रक्त लागते. म्हणून विनंती एकच आहे. यंदा संकल्पाचे पाणी सोडताना मनात एक काम ठरवा. लहान चालेल, पण स्वतःच्या नावाचे हवे. कोणी रक्तदान करील, कोणी एकट्या म्हाताऱ्यांची रोज चौकशी करील. मंडळाच्या वहीत ते लिहिण्याची गरज नाही. बाप्पाने ऐकले आहे.

ती अम्मा आता नाही. प्रतिष्ठापनेच्या वेळी हातावर पाणी आले की मला तिची हाक ऐकू येते. आवर्तने मी आजही करतो. फक्त आता खिडकी उघडी ठेवून करतो.

गणपती बाप्पा मोरया!