राखायचं काय, पुसायचं काय?

(रानशेत येथे कार्यकर्त्या मैत्रिणींपुढे केलेलं भाषण)



आपलं निम्मं काम आता कॉम्प्युटरवर आलंय. एकाच बाईसाठी सातबारा, जातीचा दाखला, निराधार पेन्शन, कोर्टाची तारीख अशी चार-पाच पानं, म्हणजे टॅब, एकदम उघडी असतात. तेवढ्यात वीज जाते आणि सगळं नाहीसं होतं. पाड्यावरून मजुरी बुडवून आलेल्या बाईला आपण 'उद्या ये' म्हणतो, तेव्हा तिची आणखी एक दिवसाची मजुरी जाते. म्हणून हे तंत्र आपल्या प्रत्येकीला आलं पाहिजे.

टॅब चुकून मिटला, तर कंट्रोल, शिफ्ट आणि टी ही बटणं एकत्र दाबा. शेवटी मिटलेलं पान आधी येतं, पुन्हा दाबलं की त्याच्या आधीचं. वीज गेल्यावर क्रोम उघडलं की 'रिस्टोअर'ची पाटी येते, ती दाबा. फायरफॉक्समध्ये 'हिस्टरी'च्या यादीत मागची सगळी पानं परत आणायची सोय आहे. हे आधी करा, मगच नवं काम उघडा. तरीही काही राहिलं, तर कंट्रोल-एच दाबून जुनी यादी शोधा.

पण परत येतो तो पानाचा पत्ता. अर्धवट भरलेला अर्ज येईलच असं नाही, लॉगिनही बहुधा पुन्हा करावं लागतं. म्हणून काम चालू असतानाच कंट्रोल, शिफ्ट, डी दाबून सगळी पानं एका बुकमार्क-फोल्डरमध्ये ठेवा. फोल्डरला बाईचं नाव नको, केसचा नंबर द्या. आठवड्याला ही यादी एक्स्पोर्ट करून पेनड्राइव्हवर घ्या. अर्ज क्रमांक वहीत लिहा, आणि पावती छापून तिच्या हातात द्या. २००६ च्या वनहक्क कायद्याने पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो. मग कागद एकट्या नवऱ्याच्या पेटीत का?

आता दुसरी बाजू. जे आपल्याला परत मिळतं, ते दुसऱ्यालाही मिळतं. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याची माहिती वाचून बाईने टॅब मिटला, तरी त्याच मशीनवर नवरा तो पुन्हा उघडू शकतो. बायकोच्या मोबाइलमध्ये पुष्कळदा खातं नवऱ्याचंच असतं. सिंक चालू असेल, तर तिने उघडलेली पानं त्याला त्याच्या मोबाइलवर दिसू शकतात. तिला इन्कॉग्निटो खिडकी शिकवा. ती मिटली की टॅब परत येत नाहीत. मात्र उतरवून घेतलेली फाइल मोबाइलमध्ये राहते, हेही सांगा. सगळी हिस्टरी एकदम पुसली तर संशय येतो. जमलं तर आपल्या केंद्रातलं मशीन तिला वापरू द्या, आणि ती उठताना लॉगआऊट झालंय ना, ते बघा.

समाजकार्याच्या वर्गात मला नोंदी ठेवायला शिकवलं. त्या नोंदी कोणाच्या हाती पडतील, हे विचारायला मी या कामात शिकले. काय राखायचं आणि काय पुसायचं, हे आधी तिला विचारा. मगच बटण दाबा.