प्रयोगशाळेतील कूर्चा आणि आपले गुडघे
(सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, व्यवसायाने कापड व्यापारी. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. तथापि जिंतूरच्या बाजारपेठेत चाळीस वर्षे गादीवर मांडी घालून बसल्यामुळे गुडघ्यातील ‘गादी’ झिजणे म्हणजे काय, हे मला स्वानुभवाने ठाऊक आहे. नेमगिरी चढताना मध्येच थांबणारे आपल्यापैकी अनेक जण माझे समदुःखी आहेत.

या गादीला कूर्चा म्हणतात. तिला रक्तवाहिन्या नसतात. म्हणून त्वचेची जखम भरते तशी ती भरत नाही. रुग्णाच्याच कूर्चेचा लहानसा तुकडा काढून, त्यातील पेशी प्रयोगशाळेत वाढवून खराब जागी बसवायच्या, या पद्धतीचा २३ रुग्णांवरील अनुभव स्वीडनमधील शल्यचिकित्सकांनी १९९४ साली प्रसिद्ध केला. लोणावळा येथे प्रयोगशाळा असलेल्या रीग्रो कंपनीच्या अशाच उपचाराला २०१७ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली.

मूलपेशींचा मार्ग याहून पुढचा आहे. अस्थिमज्जेतील मूलपेशी गोळ्याच्या रूपात एकत्र ठेवून त्यांना विशिष्ट वाढ-प्रथिन दिले, तर सुमारे तीन आठवड्यांत त्या कूर्चेचे द्रव्य निर्माण करतात. परंतु व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर सूत मिळाले, वीण अजून साधलेली नाही. नैसर्गिक कूर्चेत वरचे तंतू पृष्ठभागाला समांतर, तर तळाचे हाडाला काटकोनात असतात. त्या विणीमुळेच ती शरीराचा भार पेलते. शिवाय प्रयोगशाळेतील या पेशी पुढे हाड बनण्याकडे झुकतात. सारांश, एखाद्या छिद्राला ठिगळ लावता येते; सर्वत्र विरलेले वस्त्र नवे करता येत नाही.

हा भेद न कळल्याने माझ्या थोरल्या बंधूंनी एका महानगरात ‘नवी गादी तयार होईल’ या आश्वासनावर मोठी रक्कम मोजली. वर्षभराने कृत्रिम सांधाच बसवावा लागला. ताका उलगडून, काठ तपासून माल घेणारे आम्ही. तेथे औषधाच्या मान्यतेचा कागद मागितलाच नाही. मान्यताप्राप्त औषध नाहीच असे नव्हे. बंगळूरच्या स्टेम्प्युटिक्स कंपनीच्या मूलपेशी-औषधाला गुडघ्याच्या सांधेझिजेसाठी २०२२ मध्ये मान्यता मिळाली. म्हणूनच कागद मागणे अगत्याचे.

अहिंसेचे व्रत मानणाऱ्यांनी आणखी एक प्रश्न विचारावा. अनेक प्रयोगशाळांत पेशी वाढविण्यासाठी गर्भस्थ वासराच्या रक्तातील द्रव वापरतात. रुग्णाच्या स्वतःच्या रक्तातील द्रव किंवा मानवी प्लेटलेटपासून केलेले द्रव्य हे त्याचे पर्याय आहेत. कोणते वापरले, हे विचारण्यात संकोच नसावा.

विज्ञानावर श्रद्धा असावी, ती डोळस असावी. आपल्या संस्थेच्या आरोग्य शिबिरांत असे कागद वाचून दाखविणारा एक डॉक्टर असावा, एवढीच विश्वस्तांना नम्र विनंती करतो आणि थांबतो. जय जिनेंद्र!