जार टाकली, तरी ॲप उठंना!

इयरफोन लावा, आज जरा डोकं चालवायचंय.

आमचा एक मित्र आटपाडीत घरी बसून पुण्यातल्या एका कंपनीचं काम करतो. महिनाअखेरीला रात्री साडेअकराला त्याचा फोन. "दादा, पगाराचं ॲप उठंना झालंय. सकाळी बँकेत फाइल जायाची हाय. क्लास सापडंना म्हणून जार टाकली, तर आता दुसरीच एरर देतंय!"

म्हटलं, थांब. आणखी जार टाकू नकोस. पहिल्या एररचं पूर्ण नाव सांग.

कारण नावातच निम्मं उत्तर असतं. 'क्लास नॉट फाउंड एक्सेप्शन' म्हणजे कोडनं चालताना नाव घेऊन क्लास मागितला, समजा डेटाबेसचा ड्रायव्हर, आणि तो मिळाला नाही. 'नो क्लास डेफ फाउंड एरर' म्हणजे बहुतेकदा कम्पाइल करताना क्लास होता, चालवताना नाही. याची दुसरी होती. हरवला होता 'जावाएक्स डॉट सर्व्हलेट'मधला एचटीटीपी सर्व्हलेट.

विचारलं, टॉमकॅट बदललाय का रे? हो! त्याच दिवशी ९ वरून १० वर नेलेला.

इथं थोडा इतिहास. ओरॅकलनं २०१७ मध्ये जावा ईई एक्लिप्स फाउंडेशनकडे द्यायचं ठरवलं, पण 'जावाएक्स' नावाखाली पुढं बदल करायची मुभा काही मिळाली नाही. म्हणून २०२० च्या जाकार्ता ईई ९ मध्ये त्या पॅकेजांचं नाव 'जाकार्ता' झालं. टॉमकॅट १० नवं नाव ओळखतो. आपलं ॲप स्प्रिंग ५ वर, जुन्याच नावानं हाक मारणारं.

गड्यानं जुनी सर्व्हलेटची जार 'वेब-इन्फ'च्या लिबमध्ये टाकली. पहिली एरर गेली आणि 'क्लास कास्ट एक्सेप्शन' आली: स्प्रिंगचा डिस्पॅचर सर्व्हलेट हा जाकार्ताचा सर्व्हलेट नव्हे. बरोबरच आहे की! जार टाकून दुखणं फक्त दुसरीकडे सरकलं.

कधी कधी तर नाव तंतोतंत एकच, तरी कास्ट होत नाही. गावात एका नावाचे दोघे असले की आपण बापाचं नाव विचारतो ना? जावातही क्लासची ओळख म्हणजे नाव आणि त्याला लोड करणारा क्लासलोडर. साधा क्लासलोडर आधी थोरल्याला विचारतो. टॉमकॅटमधलं वेब ॲप, जावाचे स्वतःचे क्लास आणि सर्व्हलेट एपीआय वगैरे सोडून, आधी आपल्याच घरात शोधतं. मग एकच जार ॲपमध्येही आणि सर्व्हरच्या लिबमध्येही पडली की घोळ. अशा वेळी जावा सुरू करताना 'मायनस व्हर्बोज कोलन क्लास' लावा. कुठला क्लास कुठून आला ते छापून येतं.

आणि 'कुड नॉट इनिशिअलाइज क्लास' दिसलं तर जार शोधत बसूच नका. क्लास सापडलाय, पण त्याचा स्टॅटिक भाग आधीच एकदा आपटलाय. लॉगमध्ये वर जा, 'एक्सेप्शन इन इनिशिअलायझर एरर' शोधा. खरं कारण तिथं 'कॉज्ड बाय'खाली असतं.

त्या रात्री आम्ही टाकलेली जार काढली, ॲप परत टॉमकॅट ९ वर ठेवलं. एक वाजता उठलं, सकाळी फाइल गेली. आता स्प्रिंग ६ वर जायचं चाललंय. त्याला किमान जावा १७ लागतं, आणि यांच्या सर्व्हरवर अजून ११. पुढचा फोन त्याचाच येणार.