फिंचच्या घरट्यासाठी गवत कुठून आणायचं? (भागाचं लिखित रूप)



ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. नवीन असाल तर थोडक्यात सांगतो. मी दिवसा कोड लिहितो आणि उरलेला वेळ अलिबागजवळच्या आमच्या वाडीत झेब्रा फिंचच्या मोठ्या पिंजऱ्यासमोर जातो.

आजचा विषय गवत. ऐकायला फालतू वाटेल. पण गेल्या महिन्यात एका ऐकणाऱ्या मित्राने फोटो पाठवला. पंख फुटू लागलेलं पिल्लू, पायाला गादीतल्या कापसाचा धागा गुंडाळलेला आणि धाग्याखालचा पाय काळा पडलेला. पाय वाचला नाही. असे मेसेज मला वरचेवर येतात, आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं. ऊब मिळावी म्हणून प्रेमाने दिलेला कापूस, लोकर, सुतळी किंवा केस. पिल्लू वळवळतं, धागा आवळत जातो, रक्तपुरवठा थांबतो. म्हणून पहिला नियम पाठ करून टाका: पिंजऱ्यात धागा नाही, म्हणजे नाही.

पक्ष्याला नक्की काय हवं असतं?

झेब्रा फिंच मूळचा ऑस्ट्रेलियाचा. तिथे तो झुडपात गवताचं गोल, छप्पर असलेलं घरटं करतो. साहित्य गोळा करायचं काम मुख्यतः नराचं. तो विणत नाही, काड्या एकमेकांत खुपसून रचतो. म्हणजे त्याला लांब पट्ट्या नकोत, बोटाएवढे तुकडे हवेत, थोडे ताठ.

हे मी मनाचं सांगत नाही. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली झेब्रा फिंचवर प्रयोग केला. पक्ष्यांना मऊ आणि ताठ अशा दोन प्रकारच्या दोऱ्यांचे तुकडे दिले. एकदा घरटं बांधण्याचा अनुभव आला की पक्षी ताठ तुकडे पसंत करू लागले, कारण त्यात काम कमी तुकड्यांत होतं. म्हणजे पक्षी अनुभवातून साहित्य निवडायला शिकतो. आपण निवड दिली तरच, हां!

आपल्या किनाऱ्यावर काय मिळतं?

*हरळी.* गणपतीला दूर्वा म्हणून वाहतो तीच. बारीक, मऊ, तरी तुटत नाही. सुकवून आतल्या अस्तरासाठी उत्तम.

*नारळाचा काथ्या.* आपल्याकडे सोडणांचा ढीग प्रत्येक वाडीत असतो. सोडण कुटून तंतू मोकळे करा, झटकून भुसा काढा. पण तंतू लांब राहिला तर तो धाग्याइतकाच धोकादायक. कात्रीने दोन-तीन इंचांचे तुकडे कराच.

*भाताचा पेंढा.* खारेपाटात झोडणी झाली की उडव्या उभ्या राहतात. जाड काडी फिंचला झेपत नाही, पण काडीभोवतीची सुटी पाती ते आवडीने उचलतात. फक्त शेतकऱ्याला सरळ विचारा, “दादा, औषध मारलंय का?” मारलं असेल तर नको. रस्त्याच्या कडेचं गवतही याच कारणासाठी नको, तिथे तणनाशक मारलेलं असू शकतं.

*वरकसावरचं डोंगरी गवत.* बाहेरच्या थरासाठी छान. पण त्यात कुसळी ओळखायला शिका. बी धरल्यावर तिचं कुसळ कपड्यातून आत शिरतं, मग पिल्लाच्या कातडीचं काय होईल! बी धरायच्या आधी कापा, नाहीतर सोडून द्या.

*रावणाच्या मिशा.* इथे एक गंमत आहे. इंग्रजी व्हिडिओत सांगतात की झेब्रा फिंच स्पिनिफेक्सच्या प्रदेशात राहतो. आपण शोधतो तर आपल्या पुळणीवरच्या रावणाच्या मिशांचं शास्त्रीय नावही स्पिनिफेक्सच! पण ऑस्ट्रेलियात ज्याला बोलीत स्पिनिफेक्स म्हणतात ते ट्रायोडिया नावाचं वेगळंच गवत. आपलं गवत सुईसारखं टोकदार आहे आणि ते वाळू धरून ठेवतं. ते उपटलं की वाळूचा बांध सैल होतो. त्याला हात लावू नका.

कापणं, सुकवणं, ठेवणं

आपल्याकडे खरा शत्रू दमट हवा. ओलसर गवतावर बुरशी धरते आणि तिचे कण बंद पिंजऱ्यात पक्ष्याच्या फुप्फुसात जातात. म्हणून वर्षाचा साठा दसरा-दिवाळीच्या उघडिपीत करायचा. गवत अंगणात पातळ पसरा, तीन-चार दिवस कडक ऊन द्या, संध्याकाळी दव पडायच्या आत उचला. मुठीत दाबल्यावर कुरकुरलं पाहिजे. मग कापडी पिशवीत भरून माळ्यावर टांगा. प्लॅस्टिकची पिशवी नको, आत घाम धरतो. पावसाळ्यात देण्याआधी वास घ्या. कुबट वास आला तर थेट खतात.

देताना जमिनीवर ढीग टाकू नका, विष्ठेने खराब होतो. जाळीला छोट्या जुड्या अडकवा, नर येऊन ओढून नेतो, त्याला कामही मिळतं. आणि अंडी दिसली की गवत देणं बंद! झेब्रा फिंचचा नर थांबत नाही, तो अंड्यांवरच दुसरा थर रचतो आणि खालची अंडी गार पडतात. पिल्लं उडाली की जुनं घरटं काढून टाका, त्यात माइट राहतात.

आता सुगरणीबद्दल

दर पावसाळ्यानंतर मला एक प्रश्न येतो: “विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे रिकामे खोपे आहेत, काढून पिंजऱ्यात लावू का?”

याचं उत्तर आपल्याच तालुक्यात आहे. सलीम अली १९३०च्या सुमारास किहीमला राहायला आले, तेव्हा त्यांनी तिथली सुगरणींची वसाहत दिवसचे दिवस बसून पाहिली. तो अभ्यास १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून आला. त्यातून कळलं की खोपा नर बांधतो. अर्धा झाला की मादी येऊन तपासते. तिला पटला तर तो पुढची नळी पुरी करतो आणि मग दुसऱ्या मादीसाठी दुसरा खोपा सुरू करतो. आपण मात्र नाव ठेवलंय सुगरण!

एका खोप्यासाठी नराच्या पाचशेपर्यंत फेऱ्या होतात, भाताच्या, गवताच्या, माडाच्या पातीच्या पट्ट्या सोलून. आणि आपल्याला रिकामा दिसतो तो खोपा रिकामाच असतो असंही नाही. पांढऱ्या कंठाची मनोली सोडलेल्या खोप्यात आपली अंडी घालते. ही मनोली आपल्या फिंचच्याच कुळातली, पण रानातली. म्हणजे पिंजऱ्यातल्या पाहुण्यासाठी आपण त्याच्या रानातल्या भावंडाचं घर उचलून आणणार!

शिवाय कायदा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांच्या घरट्यांना आणि अंड्यांना त्रास देणं हेही शिकारीच्या व्याख्येत येतं. सुगरण, मनोली हे आपले पक्षी पाळणंही बेकायदाच. बाजारात कोणी रंगवलेली मुनिया “परदेशी आहे” म्हणून दाखवली तर घेऊ नका.

फिंचला खोपा लागतही नाही. बारकं मडकं आडवं बांधा किंवा करवंटीला दीड इंचाचं भोक पाडा, आणि बाजूला हरळी, काथ्या, पेंढ्याची पाती अशा तीन जुड्या लावा. तो काय उचलतो ते आठवडाभर बघा आणि कमेंटमध्ये लिहा. रोह्याकडच्या आणि मुरुडकडच्या लोकांनी तर नक्की लिहा, तुमच्याकडे गवतांना वेगळी नावं असतील, मला यादी करायची आहे.

आणि एक काम आजच करा. पिंजऱ्यात कापूस किंवा सुतळी असेल तर हा भाग बंद करून आधी ती काढा. भेटू पुढच्या भागात!